दारातली गाडी कोणाची मोजली जाते?



१४ एप्रिलची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एका कार्यकर्त्याने दोन महिन्यांपूर्वी सेकंड हँड गाडी घेतली होती. वडील नगरपालिकेत सफाई कामगार म्हणून निवृत्त झालेले, आईने उभा जन्म धुणीभांडी केली, पोरगा शिकून सरकारी नोकरीत लागला. जयंतीच्या दिवशी त्याने गाडी धुतली, पुढे निळा झेंडा लावला आणि आईला पुढच्या सीटवर बसवून मिरवणुकीला आणलं. पलीकडच्या सोसायटीतल्या कोणीतरी त्या गाडीचा फोटो काढून आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, ‘हे बघा आपले मागासवर्गीय. अजून किती दिवस आरक्षण पाहिजे?’ त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. ज्या सोसायटीचा हा ग्रुप आहे, तिथे दर महिन्याच्या मीटिंगमध्ये भांडण कशावरून होतं? एका फ्लॅटला दोन गाड्यांचं पार्किंग मिळावं की एकाच गाडीचं, यावरून!

आम्ही या प्रसंगावर बराच विचार केला. एका घरात दोन गाड्या, त्याची बातमी नाही. एका घरात तीन पिढ्यांत पहिली गाडी, तीही जुनी, तर त्याचा पुरावा होतो. पुरावा कशाचा? तर जात संपली याचा. आमचा मुद्दा सरळ आहे. या देशात गाडी सगळ्यांच्या दारात मोजली जात नाही. ती आपल्या दारात मोजली जाते आणि आपल्याच विरोधात वापरली जाते. हे काम फक्त व्हॉट्सॲपवरचे रिकामटेकडे करत नाहीत, सरकारी नियमही करतात. म्हणून भावनेच्या भरात उत्तर देण्याआधी आपण हिशोब मांडू.

शंभरातली किती घरं?

२००१ च्या जनगणनेत देशातल्या १०० पैकी अडीच घरांकडे चारचाकी होती. २०११ मध्ये ती संख्या ४.७ झाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ती साडेसातच्या आसपास आली. म्हणजे वीस वर्षांत तिप्पट. हा आकडा सांगून लोक छाती फुगवतात. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू बघा. उदारीकरणाला तीस वर्षं होऊन, एवढे उड्डाणपूल आणि एक्सप्रेसवे बांधून, रोज टीव्हीवर गाड्यांच्या जाहिराती दाखवून, १०० पैकी ९२ घरांच्या दारात आजही मोटार नाही.

राज्याराज्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गोव्यात १०० पैकी ४५ घरांकडे गाडी, केरळात २४, पंजाब आणि हिमाचलात २२ च्या आसपास. बिहारमध्ये फक्त २. आणि आपला पुढारलेला महाराष्ट्र? नऊच्याही आत. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर उभं राहिलं की वाटतं सगळा देश मोटारीत बसलाय. तसं नाही. रस्ता मोटारींनी भरलाय, देश अजून रस्त्याच्या कडेला उभा आहे.

मग वाढ कशाची झाली? दुचाकीची. २००१ मध्ये १०० पैकी पावणेबारा घरांत दुचाकी होती, २०११ मध्ये २१, आणि २०१९-२१ मध्ये जवळपास निम्म्या घरांत. सायकल तर आजही निम्म्या घरांत आहे. या देशाचं खरं वाहन म्हणजे हप्त्यावर घेतलेली दुचाकी. तिच्यावर नवरा-बायको, मध्ये लेकरू, पुढे टाकीवर दुसरं लेकरू. अशाच एका कुटुंबाला पावसात स्कूटरवरून जाताना बघून रतन टाटांना नॅनोची कल्पना सुचली, असं ते स्वतः सांगत. २००८ मध्ये एक लाखाची गाडी म्हणून तिचा गाजावाजा झाला. दहा वर्षांत ती बंद पडली. आज बाजार उलट दिशेने धावतोय. देशात वर्षाला ४० लाखांहून जास्त मोटारी विकल्या जातात, पण त्यात निम्म्याहून जास्त वाटा मोठ्या, उंच, महागड्या गाड्यांचा आहे. छोट्या गाडीचं गिऱ्हाईक मागे पडलं म्हणून खुद्द मोटार कंपन्याच रडत होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणला गेला, तो याच पार्श्वभूमीवर.

आता जातीचा हिशोब. सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात शहरातला अनुसूचित जातीचा माणूस महिन्याला सरासरी ५,३०७ रुपये खर्च करतो. ‘इतर’ म्हणजे आरक्षणाबाहेरचा माणूस ७,३३३ रुपये. खेड्यात अनुसूचित जमातीचा ३,०१६, अनुसूचित जातीचा ३,४७४, ओबीसी ३,८४८, इतर ४,३९२. उतरंड जशीच्या तशी. मनुस्मृती जाळून शतक होत आलं तरी पायऱ्यांचा क्रम बदलला नाही, फक्त पायऱ्यांवर रुपये लिहिले गेले.

शहरातलं चार माणसांचं दलित कुटुंब धरा. महिन्याचा सगळा खर्च सरासरी २१ हजार. भाडं, किराणा, शाळा, औषधपाणी, मोबाईल, लग्न-मयत सगळं त्यात. सहा लाखांचं गाडीकर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ताच येतो साडेबारा हजारांच्या आसपास. पेट्रोल वेगळं, विमा वेगळा. सांगा, अशा घराच्या दारात गाडी येईल कुठून? ज्या घरात आली, त्या घराने संविधानाने दिलेल्या एका नोकरीच्या बळावर ती आणली. आणि त्या एका घराकडे बोट दाखवून बाकीच्या सगळ्या वाड्याची शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि नोकरी मागितली जाते!

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ‘इतर’ मधल्या सरासरी कुटुंबालाही गाडी सहज परवडत नाही. गरीब मराठ्याच्या, गरीब मुसलमानाच्या, गरीब ब्राह्मणाच्या दारातही गाडी नाही. ते त्या ९२ घरांतच आहेत. पण फोटो काढणारे त्यांना हे सांगत नाहीत. ते त्यांना आपल्या दारातली सेकंड हँड गाडी दाखवतात आणि म्हणतात, बघ, तुझी गाडी याने नेली.

चाकावर बसण्याचा इतिहास

आपण वाहनावर बसलो की काहींच्या पोटात का दुखतं, हे समजायला बाबासाहेबांचे स्वतःचे अनुभव पुरेसे आहेत. १९०१ साली लहानगा भीम भावंडांबरोबर वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर उतरला. चांगले कपडे घातलेली ही पोरं महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान बैलगाडी द्यायला तयार होईना. शेवटी एक तयार झाला, पण दुप्पट भाड्यावर, आणि तेही गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार या अटीवर. भाडं चालतं, बाट चालत नाही.

१९२९ साली बाबासाहेब बॅरिस्टर होते, मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या समितीचे सदस्य होते. धुळे मार्गावरच्या एका गावाहून परतताना चाळीसगावला थांबले. महारवाड्यातल्या लोकांना आपल्या नेत्याला मानाने टांग्यातून न्यायचं होतं. एकही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार नव्हता. टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. मग कधी टांगा न हाकलेला आपलाच एक माणूस लगाम धरून बसला. पुलावर टांगा कलंडला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. टांगेवाला शिक्षणाने, पैशाने, हुद्द्याने त्यांच्यापेक्षा कितीतरी खाली होता. तरी त्याच्याकडे एक गोष्ट होती, जी बॅरिस्टरकडे नव्हती. जातीचा मोठेपणा.

म्हणजे आपल्यासाठी वाहन ही चैन कधीच नव्हती, तो माणूसपणाचा प्रश्न होता. आजही नवरदेव घोड्यावर बसला म्हणून दगड पडतात, पोराने चांगली बाईक घेतली म्हणून मारहाण होते, अशा बातम्या दर वर्षी आपण वाचतो. व्हॉट्सॲपवरचा फोटो हा त्याच दगडाचा शहरी, शिकलेला अवतार आहे. म्हणून ज्या भावाने, ज्या बहिणीने घामाच्या पैशातून गाडी घेतली असेल, त्यांना आमचं सांगणं आहे, लाजू नका. कोणाला खुलासा देऊ नका. आईला पुढच्याच सीटवर बसवा.

सरकारची दोन मापं

आता सरकारी नियमांकडे येऊ, कारण खरा घाव तिथे आहे.

गावातल्या बेघर माणसाला प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकुल पाहिजे असेल तर त्याची पहिली झडती वाहनाची होते. कितीतरी वर्षं नियम असा होता की मोटार लावलेली दुचाकी, तीनचाकी, चारचाकी काहीही दारात असेल तर यादीतून नाव कट. म्हणजे गवंड्याच्या हाताखाली कामाला जायला एखाद्याने जुनी लुना घेतली असेल, तर तो ‘सधन’! दुचाकीची अट २०२४ मध्ये काढली. तीनचाकी आणि चारचाकीची अट कायम राहिली. म्हणजे महामंडळाच्या किंवा पतपेढीच्या कर्जावर रिक्षा घेऊन पोट भरणारा आपला भाऊ आजही कुडाच्या घरातच राहावा, अशी व्यवस्था आहे.

लाडकी बहीण योजना घ्या. महिन्याला १,५०० रुपये. कुटुंबात कोणाच्या नावावर ट्रॅक्टर सोडून चारचाकी असेल तर बहीण अपात्र. २०२५ च्या सुरुवातीला अंगणवाडी सेविकांना यादी देऊन घरोघर पाठवलं, कोणाच्या दारात चारचाकी आहे ते बघायला. त्यात भाड्याने चालणारा छोटा टेम्पो आणि लग्नाच्या ऑर्डरी मारणारी जुनी व्हॅनही चारचाकीच. ट्रॅक्टर मात्र वगळला! ज्याच्याकडे जमीन त्याच्याकडे ट्रॅक्टर. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्याकडे टेम्पो. अट कोणाला लागते आणि सूट कोणाला मिळते, ते वेगळं सांगायला नको.

आणि आता तिसरा नियम. २०१९ मध्ये १०३ वी घटनादुरुस्ती करून सवर्णांतल्या ‘आर्थिक दुर्बलां’साठी १० टक्के आरक्षण आणलं. त्याची पात्रता वाचा. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत. शेती पाच एकरांच्या आत. फ्लॅट हजार चौरस फुटांच्या आत. प्लॉटच्या मर्यादा आहेत. आणि गाडी? गाडीचा उल्लेखच नाही. दुचाकीचा नाही, तीनचाकीचा नाही, चारचाकीचा नाही. महिन्याला ६६ हजार कमावणारा, ९०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये राहणारा, पार्किंगमध्ये मोटार उभी असणारा माणूस या देशात ‘आर्थिक दुर्बल’ ठरू शकतो आणि रिक्षावाला घरकुलाला ‘सधन’ ठरतो.

हे तिन्ही नियम शेजारी ठेवून वाचा मित्रहो. अनुसूचित जातींनाही क्रिमी लेयर लावा, असं १ ऑगस्ट २०२४ च्या उपवर्गीकरणाच्या निकालात काही न्यायमूर्तींनी सुचवलं. तेव्हापासून चर्चेत पहिलं उदाहरण कशाचं दिलं जातं? ‘अधिकाऱ्याचा मुलगा गाडीतून येतो.’ आमचं उत्तर एवढंच. माप लावायचं तर एकच लावा. गाडी हा श्रीमंतीचा पुरावा असेल तर तो सगळ्यांसाठी असू द्या. नसेल तर तो आमच्या बहिणीच्या १,५०० रुपयांना आणि आमच्या भावाच्या घरकुलालाही नसू द्या.

रस्ता कोणासाठी?

दुसरी बाजू याहून मोठी आहे. ज्या साडेसात-आठ घरांकडे गाडी आहे, त्यांच्यासाठी सरकार काय करतं आणि उरलेल्या ९२ साठी काय करतं?

बांद्रा-वरळी सागरी सेतू, दुचाकीला बंदी. अटल सेतू, खर्च सुमारे १८ हजार कोटी, दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. मुंबईचा कोस्टल रोड, दुचाकीला बंदी. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, दुचाकीला बंदी. सुरक्षेचं कारण सांगतात आणि त्यात तथ्यही असेल. पण निम्म्या घरांचं वाहन दुचाकी असलेल्या देशात, सार्वजनिक पैशाचे सगळ्यात महागडे रस्ते निम्म्या घरांच्या वाहनाला बंद आहेत, ही वस्तुस्थिती त्याने बदलत नाही. जुन्या काळी गावातल्या काही रस्त्यांवरून आपल्याला जायला बंदी होती. आज बंदी जातीच्या नावाने नाही, वाहनाच्या नावाने आहे. पण रस्त्याच्या बाहेर उभा राहिलेला माणूस बघा, ओळखीचा वाटेल.

सुरक्षेची एवढीच काळजी असेल तर मरणाचे आकडे बघा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यात १०० पैकी ४४ हून अधिक दुचाकीवरची आणि १९ हून अधिक पायी चालणारी. मोटारीत बसलेले १२ च्या आसपास. म्हणजे रस्ता मोटारीसाठी आणि मरण पायी चालणाऱ्यासाठी. फुटपाथ नाही, असेल तर त्यावर गाडी उभी. पहाटे तो रस्ता झाडणारी सफाई कामगार बाई कोणत्या समाजाची असते, ते तुम्हाला माहीत आहे. तिला धडकणारं वाहन तिच्या वस्तीतलं नसतं.

करांचंही तेच. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत सायकलीवर १२ टक्के जीएसटी होता आणि कोटीच्या इलेक्ट्रिक मोटारीवर ५ टक्के. मार्च २०२५ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक मोटारींवर ६ टक्के कर लावायचा प्रस्ताव आला. त्याच महिन्यात तो मागे घेतला गेला. एवढी तत्परता आपल्या थकलेल्या शिष्यवृत्तीच्या बाबतीत कधी बघितली का?

आणि आता तीन तारखा लक्षात ठेवा.

१४ ऑक्टोबर २०२४. ही तारीख आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्या दिवशी राज्य मंत्रिमंडळाने मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर मोटारींसह सगळ्या हलक्या वाहनांना टोल माफ केला. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती.

२५ जानेवारी २०२५. निवडणूक झाली, सरकार आलं. एसटीची भाडेवाढ, १४.९५ टक्के.

९ मे २०२५. बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये. दुप्पट!

सात महिन्यांच्या आत मोटारवाल्याला माफी आणि बसवाल्याला दरवाढ. कोणी म्हणेल, एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. आहे, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. आमच्या आया-बहिणी त्यामुळे माहेरी, दवाखान्यात, बाजारात जाऊ लागल्या. पण सवलत असलेली बस वस्तीपर्यंत आलीच नाही तर अर्ध्या तिकिटाचं काय करायचं? बेस्टकडे २०१० च्या आसपास साडेचार हजारांहून जास्त बसगाड्या होत्या. २०२५ मध्ये त्या तीन हजारांच्याही खाली आल्या. लोकसंख्या वाढली, बस घटल्या, मोटारी वाढल्या. हा योगायोग नाही, हे धोरण आहे.

२०११ च्या जनगणनेने शेतीबाहेरच्या कामगारांना विचारलं होतं, कामाला कसे जाता? १०० पैकी २२ हून जास्त पायी, १३ सायकलवर, ११ बसने. मोटारीने? २.७. या ११ जणांची बस तोट्यात आहे म्हणून रोज ओरड होते. त्या पावणेतीन जणांचा उड्डाणपूल तोट्यात आहे, असं कधी ऐकलंय का?

आपल्या पोरींसाठी मानव विकास कार्यक्रमातून शाळेच्या निळ्या बस सुरू झाल्या. मागास तालुक्यांत कितीतरी मुली केवळ त्या बसमुळे आठवीनंतर शाळेत टिकल्या. ती बस बंद पडली, उशिरा आली, रस्ता खराब म्हणून वाडीवर वळली नाही, की पहिलं शिक्षण कोणाचं सुटतं? ज्या बापाकडे गाडी आहे त्याच्या मुलीचं नाही सुटत. बस हा आपल्यासाठी शिक्षणाचा प्रश्न आहे. ‘शिका’ म्हणताना शाळेपर्यंत पोचायचं कसं, हेही सांगावं लागतं.

मग गाडीवाल्यांनी काय करायचं?

इथे आपल्यातल्या गाडीवाल्यांशी दोन कडू शब्द बोलायचे आहेत. १८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांनी दगा दिल्याची खंत व्यक्त केली. ती आजही आपल्याला लागू आहे. गाडी आली की काहींची वस्ती सुटते, पाटीवरचं आडनाव बदलतं, काचेवरचं निळं स्टिकर निघतं. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जनरल डब्यातून, टेम्पोतून, पायी आलेला माणूस बघितला की काच वर जाते. अशा गाडीचा आम्हाला अभिमान नाही. तिचा फोटो कोणी काढला तरी आमचं काही म्हणणं नाही.

मग कशी गाडी पाहिजे? अमेरिकेतल्या काळ्या बांधवांनी ते दाखवून दिलंय. अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरात बसमध्ये काळ्यांनी मागे बसायचं आणि गोऱ्यासाठी जागा सोडून उठायचं, असा कायदा होता. डिसेंबर १९५५ मध्ये रोझा पार्क्स उठल्या नाहीत. त्यांना अटक झाली आणि काळ्या समाजाने बसवर बहिष्कार टाकला. तो ३८१ दिवस चालला. हजारो कामकरी बाया मैलोन्‌मैल पायी चालल्या. पण फक्त पायी चालून तो लढा टिकला नाही. ज्यांच्याकडे मोटारी होत्या त्यांनी त्या समाजासाठी काढल्या. सुमारे तीनशे मोटारी, ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा. चर्चच्या नावाने मोठ्या गाड्या घेतल्या गेल्या. पोलिसांनी चालकांना पदोपदी दंड केला, मार्टिन ल्यूथर किंग यांनाही वेगाच्या किरकोळ कारणावरून अटक केली. विमा कंपन्यांनी विमे रद्द केले, तर लंडनमधून विमा मिळवला. डिसेंबर १९५६ मध्ये, आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, बसमधला वंशभेद संपला.

यातला धडा नीट समजून घ्या. गाडी असलेल्यांनी आपापल्या गाड्यांत बसून बसचा प्रश्न विसरला असता तर तो कायदा आजही असता. गाडी असलेल्यांनी बसची लढाई लढली. त्यांनी गाडी सोडली नाही, गाडी समाजाला जोडली.

आपल्याकडे हे अवघड आहे का? स्पर्धा परीक्षेच्या दिवशी वस्तीतल्या चार पोरांना केंद्रावर सोडणं. रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेणं. ॲट्रॉसिटीच्या तारखेला साक्षीदाराला कोर्टात पोचवणं, कारण तारखेला जायला गावातली जी एकमेव जीप असते ती बहुतेकदा आरोपीच्या भावकीची असते. एवढं केलं तरी दारातली गाडी चळवळीची झाली.

आपल्या मागण्या

लढाई दोन तोंडांनी लढायची आहे, म्हणून मागण्याही स्पष्ट पाहिजेत.

पहिली. २०२७ च्या जनगणनेत घरयादीच्या टप्प्यात सायकल, दुचाकी, मोटार यांची नोंद आणि पुढच्या टप्प्यात जातीची नोंद. या दोन्ही नोंदी जोडून, जातवार तक्ते प्रसिद्ध झाले पाहिजेत. कोणाच्या दारात किती गाड्या, ते एकदा सगळ्यांचं मोजा. फक्त आमचं नको. होऊन जाऊ दे दूध का दूध, पानी का पानी.

दुसरी. घरकुल आणि लाडकी बहीण योजनेतून पोटापाण्याची रिक्षा, टेम्पो, भाड्याची गाडी यांची अट काढा. ट्रॅक्टरला सूट मिळते तर टेम्पोलाही मिळाली पाहिजे.

तिसरी. मोटारींच्या टोलमाफीला सरकार तिजोरीतून पैसे देतं, तर एसटी आणि बेस्टलाही द्या. भाडेवाढ मागे घ्या, बसची संख्या वाढवा आणि ‘गाव तिथे एसटी’ मध्ये वाडा, वस्ती, तांडा, पाडा धरा. थांबा पाटलाच्या वाड्यासमोर आणि बौद्धवाडा दोन किलोमीटर मागे, हे बंद करा.

चौथी. नवा रस्ता बांधताना आधी फुटपाथ, मग मोटार.

कार्यकर्त्यांनी एक काम लगेच करावं. आपल्या गावाला दिवसातून किती एसटी येतात, शेवटची किती वाजता, दहा वर्षांपूर्वी किती होत्या आणि थांबा वस्तीपासून किती लांब आहे, एवढं एका कागदावर लिहा. गावातल्या म्हाताऱ्यांना आणि कॉलेजच्या पोरींना विचारलं तर अर्ध्या तासाचं काम आहे. ते कागद घेऊन आगारप्रमुखाकडे जा, सोबत ज्यांच्या दारात गाडी नाही अशा सगळ्या जातींच्या माणसांना घ्या. ९२ घरांची ही लढाई आहे, आपण फक्त सुरुवात करायची.

आणि त्या व्हॉट्सॲप ग्रुपवाल्यांना आमचा निरोप. आमच्या भावाच्या गाडीचा फोटो तुम्ही काढलात, त्याबद्दल आभार. आता जरा कॅमेरा वळवा. आपल्या पार्किंगचाही एक फोटो काढा आणि खाली लिहा, आरक्षणाशिवाय इथे एवढ्या गाड्या कशा आल्या, किती पिढ्यांची जमीन, किती पिढ्यांची पेढी, किती पिढ्यांची अक्षरओळख त्यामागे आहे. आम्ही वाट बघतो.

जय भीम! जय संविधान!